सोलापूरचं ऊन सोसलं म्हणून थायलंडचं सोसेल असं नाही: मे महिन्यातल्या सहलीबद्दल सविस्तर

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही दोघं, मुलं ६ आणि ११ वर्षांची, आई ६४ (बीपीची गोळी चालू), बाबा ७० (शुगर, इन्सुलिन), सगळे शाकाहारी, मे महिन्यात ८ दिवस थायलंड, त्यात बँकॉक, पट्टाया, फुकेत आणि क्राबी. आणि शेवटी लिहिलंय, "उन्हाचं टेन्शन नाही, आम्ही सोलापूरचे आहोत, फक्त कुठली बेटं करायची तेवढं सांगा."

बेटांचं सांगतो, पण आधी ती शेवटची ओळ सोडवू, कारण गेली १७ वर्षं मी सोलापुरातनं छोटे ग्रुप घेऊन थायलंड, श्रीलंका, बाली, मलेशिया करतोय आणि सगळ्यात जास्त माणसं आजारी पडलेली बघितलीत ती ह्याच भरवशावर.

माझ्या सुरुवातीच्या एका ग्रुपची गोष्ट सांगतो. मे महिना, बँकॉकपासून साधारण ८० किलोमीटरवरचं अयुथया, विटांची जुनी पडकी देवळं, सावली जवळपास नाहीच. मी प्रोग्राम लावला होता सकाळी नऊ ते दुपारी तीन, चूक माझीच. साडेबाराला आमच्यातल्या एक काकू, वय ६२, रोज सकाळी सिद्धेश्वर तलावाला चालत फेरी मारणाऱ्या, चालता चालता खाली बसल्या. पोटऱ्यांत गोळे, डोकं गरगरतंय, अंगावरची साडी पिळून काढावी इतकी ओली. बसमध्ये एसीत आडवं केलं, ओआरएस पाजलं, मान आणि काखेत ओले नॅपकिन ठेवले, तासाभरानं बऱ्या झाल्या. बऱ्या झाल्यावर त्यांनी मला विचारलं ते अजून लक्षात आहे, "अरे आपल्याकडं ४३ असतं, इथं मोबाईल ३६ दाखवतोय, मग मला ३६ ला काय झालं?"

ह्याचं उत्तर आपल्या प्रत्येकाच्या घराच्या खिडकीत बसवलेलं आहे. कूलर. एप्रिल-मे मध्ये आपला कूलर खोली कशी गार करतो बघा, वाळ्याच्या ताट्या ओल्या, बाहेरची कोरडी हवा आत येताना पाणी सुकवते आणि त्या सुकण्यानं गार होते. आणि तोच कूलर जुलैत लावला की? खोली गार होत नाही, नुसतं चिकट होतं, अंथरूण दमट लागतं, आणि घरातलं कुणीतरी म्हणतं बंद करा ते. माठाचंही तेच, मे महिन्यात पाणी गारेगार आणि पावसाळ्यात कोमट. आपलं अंग म्हणजे असाच एक कूलर आहे. घाम येणं महत्त्वाचं नाही, घाम सुकणं महत्त्वाचं. सोलापूरच्या कोरड्या उन्हात घाम येतो आणि तिथल्या तिथं सुकतो, आपल्याला कळतही नाही, फक्त शर्टावर मिठाचे पांढरे डाग दिसतात. समुद्राकाठच्या देशात हवेतच आधी इतकं बाष्प असतं की घाम सुकायला जागा नाही, तो नुसता वाहतो, अंगातलं पाणी आणि मीठ जातं आणि अंग गार होतच नाही.

आकड्यात सांगायचं तर थर्मामीटरच्या बुडाला ओलं फडकं गुंडाळून तापमान मोजतात, त्याला वेट बल्ब म्हणतात, म्हणजे घाम सुकून अंग साधारण किती गार होऊ शकेल त्याचा अंदाज. ४२ अंश आणि आर्द्रता २० टक्के असली, म्हणजे आपली मे महिन्यातली दुपार, तर हा आकडा येतो २४ च्या आसपास. ३५ अंश आणि आर्द्रता ६० टक्के, म्हणजे बँकॉकची दुपार, तर हाच आकडा २८ च्या वर. म्हणजे थर्मामीटर ७ अंशानं कमी दाखवतोय पण तुमच्या शरीराला तिकडं जास्त जड जातंय. म्हणून मोबाईलवर नुसतं तापमान बघू नका, खाली 'फील्स लाईक' लिहिलेलं असतं ते बघा आणि आर्द्रता बघा.

उन्हाची सवय अगदीच वाया जात नाही हे पण खरं. आपलं शरीर घाम लवकर काढायला शिकलेलं असतं, तेवढा फायदा आहे. पण दमट उष्म्याची वेगळी सवय लागायला आठवडा ते दोन आठवडे जातात आणि तुमची अख्खी ट्रीप आठ दिवसांची आहे, म्हणजे सवय लागेपर्यंत तुम्ही परत सोलापूर स्टेशनवर. तेव्हा सवयीवर प्लॅन करू नका, घड्याळावर करा.

आता मला सांगा, मे महिन्यात दुपारी दीडला आपण सोलापुरात कुठं फिरतो का? नाही. सकाळी भाजी, बँक, जे काय असेल ते दहा-अकराच्या आत उरकतो, दुपारी दार लोटून, पडदा ओढून, जेवून आडवं होतो, आणि पाच-साडेपाचला बाहेर पडतो. आजोबा-पणजोबांपासून चालत आलेलं शहाणपण आहे हे. पण परदेशात गेलं की तेच लोक भर दुपारी एकला छत्री न घेता देवळाच्या फरशीवर उभे असतात, का तर पैसे भरलेत, वसूल झाले पाहिजेत. मी तळमळीनं सांगतो, सोलापूरची दुपार सोबत घेऊन जा. सकाळी सहा-साडेसहाला बाहेर, दहा-साडेदहाला आत. मधल्या वेळेत हॉटेलची रूम, झोप, पोहण्याचा तलाव असेल तर तोही सावलीतला, नाहीतर मॉल, मत्स्यालय, म्युझियम. साडेचारनंतर परत बाहेर, आणि तिकडचे रात्रीचे बाजार तर उशिरापर्यंत असतात, म्हणजे तुमचं काही बुडत नाही.

बँकॉकचंच घ्या. पहाटे लुंपिनी पार्क, तिथं म्हातारी माणसं व्यायाम करत असतात, आई-बाबांना फार आवडेल. ग्रँड पॅलेस सकाळी साडेआठला उघडतो, साडेआठलाच दारात पाहिजे, दहा-साडेदहापर्यंत बाहेर. खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, हाफ पँटवर आत सोडत नाहीत. झोपलेला बुद्ध म्हणजे वाट फो, तो जवळच आहे आणि आठला उघडतो, पण तो दुसऱ्या दिवशीच्या सकाळी ठेवा, एका सकाळी एकच मोठी गोष्ट. संध्याकाळी चाओ फ्राया नदीवर बोट, वारा लागतो, बसून सगळं दिसतं. नदीकाठच्या वाट अरुण देवळाच्या पायऱ्या उभ्या आहेत, आई-बाबांना खालूनच दाखवा.

एक छोटी गोष्ट जी लोक विसरतात, विषुववृत्ताच्या जवळ दिवस बारा तासांच्या आसपासच असतो आणि संध्याकाळ रेंगाळत नाही. बालीत मे महिन्यात सहाला सूर्य बुडाला की बघता बघता अंधार. "दुपारी झोपू, मग सात वाजेपर्यंत बीचवर" हे तिकडं जमत नाही, त्यामुळे समुद्र पहाटेचा ठेवा.

आता महिना आणि किनारा. तुम्ही फुकेत आणि क्राबी धरलंय. हे दोन्ही अंदमान समुद्राच्या बाजूला, म्हणजे आपला जो नैऋत्य मान्सून तोच तिकडं मे मध्यापासून आदळतो आणि ऑक्टोबरपर्यंत असतो. रोज दिवसभर पाऊस असतो असं नाही, पण समुद्र खवळलेला, बोटी रद्द होतात, किनाऱ्यावर लाल झेंडे लागतात. ह्याच समुद्रातली सिमिलान बेटं तर साधारण मे मध्य ते ऑक्टोबर मध्य बंदच ठेवतात. लाल झेंडा म्हणजे गुडघाभर पाण्यातसुद्धा जायचं नाही, आत ओढणारा प्रवाह असतो आणि तो वरून दिसत नाही. आपण उजनीच्या आणि सिद्धेश्वर तलावाच्या पाण्याशेजारी वाढलेली माणसं, समुद्र आपल्याला वाचता येत नाही, हे मान्य करून चालावं.

थायलंडची दुसरी बाजू म्हणजे आखाताची, तिथलं को सामुई. तिथं मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, त्यामुळे मे मध्ये फुकेतपेक्षा बरी परिस्थिती. विमान महाग पडतं, स्वस्तात करायचं तर सुरत थानीपर्यंत जाऊन बोट, पण आई-बाबांना घेऊन ते मी करणार नाही. सामुईच्या बाजूला बॉक्स जेलीफिश असतो, काही बीचवर व्हिनेगरच्या बाटल्या ठेवलेल्या खांबावर दिसतील, त्या त्यासाठीच. मुलांना पूर्ण अंगाचा पातळ स्विमसूट घाला, ऊन आणि जेलीफिश दोन्हींचं काम होतं.

म्हणजे मे आणि थायलंड दोन्ही पक्कं असेल तर माझा सल्ला: बँकॉक ३ रात्री, सामुई ४ रात्री, बास. पट्टाया काढा, फुकेत-क्राबी काढा. चार ठिकाणं म्हणजे तीन वेळा बॅगा भरणं, आणि प्रत्येक वेळी हॉटेल सोडायचं ते दुपारी बाराच्या सुमारास, म्हणजे सगळ्यात वाईट उन्हात बाबा बॅगा घेऊन रस्त्यावर. बरेच लोक मंदिरात नाही, अशा बदलीच्या दुपारी आजारी पडतात.

मे पक्का पण देश बदलायची तयारी असेल तर बाली बघा. ते विषुववृत्ताच्या दक्षिणेला, त्यामुळे तिकडं साधारण एप्रिल-मे पासून ऑक्टोबरपर्यंत कोरडा मोसम, आणि सूर्य तेव्हा उत्तरेला असल्यानं दुपारचं ऊनसुद्धा डोक्यावर नसतं, थोडं कलतं असतं. आपल्याकडं मे मध्ये सूर्य अगदी माथ्यावर येतो, तिकडं नाही. उबुद ३ रात्री, सानूर ४ रात्री. सानूरला समोर प्रवाळाची रांग आहे त्यामुळे लाटा अडतात, पाणी शांत. सोलापूरहून उद्यान एक्सप्रेसनं बेंगळुरू गाठून तिथून थेट विमान मिळतं. उबुदच्या माकडांपासून मात्र लांब रहा, बालीत रेबीज आहे. चावलं किंवा नख लागलं तर १५ मिनिटं साबणानं वाहत्या पाण्याखाली धुवायचं आणि त्याच दिवशी इंजेक्शन, "सोलापूरला गेल्यावर बघू" नाही.

आणि आई-बाबांचा विचार आधी असेल तर श्रीलंका. वेळ आपलीच, झोपेचं गणित बिघडत नाही. कोलंबो, गॉल, बेंटोटा ह्या नैऋत्य बाजूला मे पासून पाऊस, पण पूर्वेचा त्रिंकोमाली तेव्हा चांगला असतो, आणि तिथं समुद्राच्या कड्यावर कोणेश्वराचं शिवमंदिर आहे. सिद्धेश्वराच्या गावच्या माणसाला तिथं उभं राहिल्यावर काय वाटतं ते मी माझ्या ग्रुपच्या डोळ्यांत बघितलंय. वरती नुवारा एलिया १८०० मीटरच्या वर, संध्याकाळी स्वेटर लागतो. फक्त डोंगरातले रस्ते वळणाचे आहेत, दीडशे किलोमीटरला पाच तास धरा. सिगिरिया म्हणजे उंच खडकावरचा जुना किल्ला, त्याला सुमारे १२०० पायऱ्या आहेत, तिथं तुम्ही आणि मोठा मुलगा जा, तेही सकाळी सातलाच, बाकीचे खाली बागेत.

महिनाच बदलता आला तर सगळ्यात सोपं. थायलंडला नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरा. गड्ड्याची यात्रा झाली की जानेवारीच्या शेवटी निघा, फुकेत-क्राबी पण करा मग, समुद्र तेव्हा शांत असतो. मुलांची शाळा आडवी येते हे मला कळतं, पण एकदा शाळेत विचारून बघा.

आता औषधं. मी डॉक्टर नाही, पण डॉक्टरांना काय विचारायचं ते इतक्या वर्षांत शिकलोय. आईंच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारा घटक असेल (बऱ्याच गोळ्यांत असतो) तर घामानं पाणी जाणार आणि गोळीनंही जाणार, चक्कर येऊ शकते. स्वतःहून गोळी बंद करू नका, डॉक्टरांना स्पष्ट सांगा की दमट देशात ८ दिवस चाललोय, डोस तसाच ठेवायचा का. नारळपाणी तिकडं पावलोपावली मिळतं, पण त्यात पोटॅशियम भरपूर, बीपीच्या काही गोळ्यांबरोबर ते जास्त झालेलं चालत नाही, तेही विचारा. ओआरएसमध्ये मीठ आणि साखर दोन्ही, म्हणून आई-बाबांनी किती घ्यायचं हेही आधीच ठरवून घ्या.

बाबांचं इन्सुलिन हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. खालच्या सामानात कधीच नाही, बॅग चुकली तर काय करणार, आणि विमानाच्या पोटात गोठण्याची पण भीती. बर्फाला थेट लावायचं नाही. पाण्यात भिजवून गार ठेवणारे पाऊच मिळतात, ते आपल्या कोरड्या उन्हात मस्त चालतात पण दमट हवेत कमी चालतात, कारण तेच, माठाचं गणित. म्हणून जेल पॅकची छोटी पेटी घ्या आणि हॉटेलच्या फ्रीजची खात्री बुकिंगच्या वेळीच करा.

त्रास होतोय हे कसं ओळखायचं? डोकं दुखणं, गोळे, मळमळ, गळल्यासारखं वाटणं, इथेच थांबायचं, सावली, पाणी, मीठ, पंखा. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, तोल जायला लागला, अंग भट्टीसारखं तापलं, तर तो उष्माघात, मग पाणी पाजत बसायचं नाही, अंगावर पाणी ओतून वारा घालायचा आणि त्याच वेळी ॲम्ब्युलन्स. थायलंडमध्ये १६६९, श्रीलंकेत १९९०. थायलंडच्या टुरिस्ट पोलिसांचा ११५५. आत्ताच फोनमध्ये टाका.

मुलांबद्दल, डेंग्यूचा डास दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्ताच्या आधी, म्हणजे नेमका आपण बाहेर पडतो त्याच वेळेला. सकाळी निघताना आणि दुपारी चारला पुन्हा, दोन्ही वेळा मच्छरांचं क्रीम. परत आल्यावर दोन आठवड्यांत कुणालाही ताप आला तर डॉक्टरांना आधी सांगायचं की आम्ही कुठं जाऊन आलो, आणि डेंग्यू नाही हे कळेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल, ब्रुफेन किंवा ॲस्पिरिन नाही.

कपड्यांत एक सोलापुरी चूक सगळे करतात, आपला चांगला जाड टर्किश टॉवेल घेऊन जातात. आपल्या गावचा आहे, अभिमान आहे, पण तो तिकडं दोन दिवस वाळत नाही आणि बॅगेत वास मारतो. पातळ पंचे न्या, माणशी दोन. जीन्स नको, सैल आणि पातळ कपडे. आतले कपडे जास्तीचे, दुपारी आल्यावर अंघोळ करून बदलायचेच, नाहीतर जांघेत काचतं, घामोळं येतं, आणि तिसऱ्या दिवशी माणूस चालायला नाही म्हणतो. रात्री खोबरेल लावून झोपलं तरी पुष्कळ फरक पडतो.

खाण्याचं टेन्शन घेऊ नका. कडक भाकरी, शेंगा चटणी, ह्याच्यापेक्षा चांगलं प्रवासाचं जेवण जगात नाही, आठवडाभर काही होत नाही, फक्त चटणी घट्ट डब्यात, दमट हवेत मऊ पडते. तिकडं "नो मीट" म्हणून भागत नाही, माशाचा सॉस आणि कोळंबीची पेस्ट त्यांना मांस वाटत नाही. थायलंडमध्ये "जे" म्हणायचं, पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरं असतात त्या दुकानात कांदा-लसूणसुद्धा नसतो. श्रीलंकेत भात आणि परिप्पु म्हणजे आपलं वरणच, पण खोबऱ्याच्या संबोलमध्ये बऱ्याचदा सुके मासे कुटून घालतात, विचारून घ्या. जाताना किंवा येताना सिंगापुरात उतरणार असाल तर खसखस असलेलं काही, म्हणजे अनारसेसुद्धा, नेऊ नका, खसखशीवर तिथं बंदी आहे. कुणाला तंबाखू चघळायची सवय असेल तर तीही तिथं चालत नाही.

इन्शुरन्स काढताना आई-बाबांचं बीपी आणि शुगर लिहाच. हप्ता वाढतो म्हणून लपवलं आणि तिकडं ॲडमिट व्हायची वेळ आली तर पैसे मिळत नाहीत, माझ्या ओळखीच्या एका कुटुंबानं हे भोगलंय, तीन दिवसांच्या बिलासाठी घरातलं सोनं ठेवावं लागलं.

व्हिसाचे नियम बदलत असतात, तेव्हा त्या त्या देशाच्या अधिकृत साईटवरच बघा, माझ्या किंवा कुणाच्या जुन्या मेसेजवर जाऊ नका. थायलंडला आता जायच्या आधी ३ दिवसांत ऑनलाईन अरायव्हल कार्ड भरावं लागतं, ते फुकट आहे, पैसे मागणारी साईट दिसली की ती खोटी.

आणि शेवटचं, पण सगळ्यात आधी करायचं. तुम्ही लिहिलंय की आईंचा पासपोर्ट ऑक्टोबरमध्ये संपतोय. मे मध्ये निघालात तर पाचच महिने उरतात, आणि सहा महिने शिल्लक नसतील तर विमान कंपनी काउंटरवरूनच परत पाठवू शकते. तिकिटं अजून काढली नसतील तर थांबा, ह्याच आठवड्यात तो रिन्यूला टाका, नवा नंबर हातात आला की मग बुकिंग. तोपर्यंत आईंच्या बीपीच्या गोळीचं आणि बाबांच्या इन्सुलिनचं नाव इथं लिहून ठेवा, आणि डॉक्टर काय म्हणाले तेही लिहा, म्हणजे त्यांच्या वेळा धरून रोजचा प्रोग्राम कसा लावायचा ते मी सांगतो.